पांढरीच्या पोटात



आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन रंग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची, गावठाणाची. काळ्या आईचं कौतुक आपण नेहमी ऐकतो. आज आम्ही पांढरीबद्दल बोलणार आहोत. कारण उन्हाळा लागला, रानं मोकळी झाली, की जुन्या पांढरीची माती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून कुठे ना कुठे चाललेली दिसते. कुणी शेतात टाकतं, कुणी माळवदावर, कुणी घराच्या जोत्यात भर म्हणून घालतं.

ही माती पिकाला मानवते हे खरं आहे. का मानवते, ते बघा. तिच्यात राख असते, शेण असतं, हाडं असतात, पडलेल्या भिंतींचा चिखल असतो, खरकटं असतं. शेकडो वर्षं रोज सकाळी कुणीतरी चुलीतली राख काढली आणि परसात नेऊन टाकली. कुणीतरी फुटकं मडकं उकिरड्यावर भिरकावलं. घर पडलं, त्याच जागेवर दुसरं उभं राहिलं. असं करत करत जमीन वर आली आणि तिचं टेकाड झालं. त्या टेकाडात काय काय साठलंय हे वाचायची एक विद्या आहे. तिला पुरातत्त्व म्हणतात.

शाळेत आपण इतिहास शिकलो तो राजांचा, लढायांचा, सनावळ्यांचा. तो लिहिलेल्या गोष्टींवरून उभा राहतो, म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख, नाणी यांवरून. आपल्या महाराष्ट्रात लिहिलेले लेख सापडतात ते साधारण सव्वादोन हजार वर्षांपासूनचे. मुंबईजवळ सोपाऱ्याला सम्राट अशोकाचा लेख सापडला. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे, आणि घाट उतरणाऱ्या माणसाला तो आजही दिसतो. पण त्याच्याआधी? त्याच्याआधीही माणसं जन्मत होती, पेरत होती, रांधत होती, लेकरं वाढवत होती. फक्त लिहीत नव्हती. त्या न लिहिलेल्या काळाला प्रागितिहास म्हणतात.

हा काळ केवढा मोठा ते कळायला नऊवारी लुगडं डोळ्यांपुढे आणा. जगातली आजवर सापडलेली सगळ्यात जुनी दगडी हत्यारं आफ्रिकेत, केनिया देशात मिळाली. ती ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. तिथून आजपर्यंतचा काळ म्हणजे ते अख्खं लुगडं धरा, एका पदरापासून दुसऱ्यापर्यंत. माणूस लिहायला शिकला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. लुगड्यावर ती किती भरतील? करंगळीच्या नखाएवढी. राजे, राण्या, लढाया, सगळं त्या नखाएवढ्या कापडात. बाकीचं सगळं लुगडं कोरं नाही, बरं का. ते मातीत लिहिलेलं आहे.

आपल्याकडेही ते लुगडं बरंच लांब जातं. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ दगडी हत्यारं सापडली आणि त्यांच्यासोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख नेमकी किती जुनी यावर अभ्यासकांची अजून भांडणं आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी मिळाले, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचे. एका कवचीवर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती. शहामृग! म्हणजे हा मोठा पक्षी तेव्हा आपल्या मुलखात फिरत होता. आणि पोटाला मिळवण्यासाठी दिवसभर रानात वणवणणाऱ्या माणसांनाही मणी घासून गोल करायला सवड होती.

पण आज आम्ही तुम्हाला घेऊन जाणार आहोत ते एका शेतकरी गावात. शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीच्या काठावर, पुण्यापासून पूर्वेला साधारण ८० ते ९० किलोमीटरवर. तिथे जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. जाता जाता एक सांगायला हवं. याच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे होत्या. १९४० च्या दशकात सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला जाऊन, वाळूच्या टेकाडातून हजारो वर्षांपूर्वीचे माणसांचे सांगाडे उकरून काढणाऱ्यांत त्या होत्या. बाईमाणूस आणि सांगाडे, असं म्हणून त्या काळी किती नाकं मुरडली गेली असतील!

इनामगावला वस्ती होती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात. इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे मोजायचे असतात, म्हणजे १६०० हे ७०० च्या आधीचं. आजपासून मोजलं तर साडेतीन हजार वर्षांपूर्वी हे गाव वसलं आणि पुढची नऊशे वर्षं नांदलं. नऊशे वर्षं म्हणजे पस्तीस-चाळीस पिढ्या झाल्या. आपल्यापैकी किती जणींना पणजीच्या आईचं नाव सांगता येईल?

आता प्रश्न असा, की लिहिलेलं काही नाही तर हे सगळं कळलं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे थर. मातीच्या घरात राहिलेल्या बाईला हे समजवायला नको. जमीन आपण दर आठ-पंधरा दिवसांनी सारवतो. सणाला सारवतो, लग्नाला सारवतो. एखाद्या कोपऱ्यातला पोपडा निघाला की खाली सारवणाचे पापुद्रे दिसतात, एकावर एक. सगळ्यात वरचा कालचा, सगळ्यात खालचा सासूबाईंच्या वेळचा. पुरातत्त्वाची सगळी इमारत या एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे. खाली ते जुनं, वर ते नवं. म्हणून ही माणसं फावड्याने भसाभसा खणत नाहीत. जमिनीवर चौकोन आखतात, एकेक थर खरवडून काढतात, काय कुठे मिळालं ते जागच्या जागी मोजून, फोटो काढून, कागदावर उतरवून मगच उचलतात. चोरी झालेल्या घरात पोलीस पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू देत नाहीत, तसंच हे. मणी मिळाला यापेक्षा तो चुलीजवळ मिळाला, धान्याच्या बळदात मिळाला की लहानग्याच्या गळ्याशी मिळाला, याला जास्त मोल.

दुसरी गोष्ट म्हणजे खापरं. मडकं सहज फुटतं, पण खापर हजारो वर्षं सडत नाही, गंजत नाही. शिवाय भांड्यांची चाल दर काही पिढ्यांनी बदलते. आपल्या आजीच्या घरी तांब्या-पितळेची भांडी होती, आईकडे ॲल्युमिनियमची, आपल्याकडे स्टीलची. नुसती मांडणी बघून आपण सांगू की हे घर कोणत्या काळातलं. तसंच ते खापरांवरून सांगतात. इनामगावच्या मधल्या काळात वापरात होती ती जोर्वे पद्धतीची भांडी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात ती आधी ओळखली गेली म्हणून हे नाव. चाकावर घडवलेली, लाल रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणखणतात. त्यात तोटीची भांडी फार. आपल्या अभिषेकाच्या किंवा बाळाला दूध पाजायच्या भांड्याची आठवण व्हावी अशी.

तिसरी गोष्ट जळकी लाकडं आणि जळके दाणे. झाड काय, माणूस काय, जिवंत असतो तोवर हवेतला एक प्रकारचा कार्बन अंगात घेत राहतो. जीव गेला की घेणं थांबतं आणि आत असलेला कार्बन हळूहळू कमी होत जातो. पाझरणारा माठ रोज भरला तर भरलेलाच दिसतो. भरणं थांबवलं की उरलेलं पाणी मोजून सांगता येतं की शेवटचं पाणी कधी घातलं होतं. हा कार्बन निम्मा व्हायला सुमारे ५,७३० वर्षं लागतात. त्यावरून कोळशाच्या तुकड्याचं वय काढतात. विलार्ड लिबी या अमेरिकी शास्त्रज्ञाला या युक्तीसाठी १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि दाणे गोळा कसे करतात? माती पाण्यात सोडायची. जड माती खाली बसते, हलके जळके दाणे वर येतात, ते चाळणीने टिपून घ्यायचे. बी पेरायच्या आधी पोचट दाणे पाण्यात वेगळे काढतो, तीच रीत. विद्यापीठात शिकवतात म्हणून ती वेगळी होत नाही.

अशा टिपलेल्या दाण्यांवरून, हाडांवरून इनामगावचं स्वयंपाकघर आपल्याला दिसतं. गहू, सातू म्हणजे जव, थोडा तांदूळ, भरडधान्यं, डाळी, वाटाणा, तीळ. रानातून आणलेली बोरं, आवळे, जांभळं. गाईगुरं, म्हशी, शेळ्यामेंढ्या, कुत्री. शिकारीत सांबर, चितळ, काळवीट, ससा. नदीतले मासे, खेकडे, कासवं. आता यात काय नाही ते बघा. मिरची नाही, शेंगदाणा नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही. या सगळ्या गोष्टी अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात, गेल्या पाचशे वर्षांत आपल्याकडे आल्या. आपण ज्याला अगदी अस्सल गावरान ठेचा म्हणतो, तो इनामगावच्या बाईला माहीतच नव्हता! आणि फिरतं जातंही अजून यायचं होतं. दळायला होता तो लांबट, मध्ये खोलगट झालेला पाटा आणि वर घासायचा दगड. गुडघ्यावर बसायचं, सगळा भार हातांवर घेऊन पुढे-मागे घासत राहायचं. एवढ्या माणसांच्या भाकरीचं पीठ अशा पाट्यावर निघत होतं.

उत्खननात तिथे शंभरावर घरं उघडी झाली. आधीच्या काळातली घरं मोठी, चौकोनी. भिंतीचा पायथा मातीचा, वर कुडाला लिंपण केलेलं, वर गवताचं छप्पर. घरात चूल, धान्य साठवायला जमिनीत चुन्याने गिलावा केलेलं पेव, कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा. रांजण टेकवायला चार चपटे दगड. घरं ओळीने, दोन घरांच्या मधून वाट. शेतकऱ्यांची घरं मध्यभागी आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची पश्चिमेच्या कडेला. गावगाड्याचा हा नकाशा ओळखीचा वाटतो ना? त्यांनी नदीचं पाणी वळवण्यासाठी पाट खोदला होता, बांध घातला होता. गव्हाला पाणी लागतं. हे काम एका घराचं नाही, गाव लागतं त्याला.

तांबं त्यांना माहीत होतं पण ते महाग असणार. त्याचे मणी, बांगड्या, गळ, लहान छिन्न्या एवढंच करत. कापायला-खुडायला मात्र चकमकीसारख्या दगडाची बारीक पाती लाकडात किंवा हाडात बसवून वापरत. तांबं आणि दगड दोन्ही, म्हणून त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. त्याच काळातलं आणखी एक गाव नेवासे, प्रवरेच्या काठी. तिथे एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. दोरा सहसा मातीत कुजून जातो, पण तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला तेवढा धागा वाचला. तपासला तर तो कापूस आणि रेशीम. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला असाच जवसाच्या सालीचा धागा मिळाला. जवसाची चटणी आपण खातो, त्याचं सूत काढता येतं हे आपण विसरलो.

आता जे सांगायचं ते जरा थांबून सांगावं लागेल.

इनामगावला घरांच्या जमिनीखाली, अंगणात, दोनशेहून अधिक दफनं सापडली. त्यातली बहुतेक लहान मुलांची. कित्येक अगदी तान्ही. रीत अशी होती, की जमिनीत खड्डा घ्यायचा, दोन मोठे घट आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि त्यांच्या आत लेकरू. सोबत एखादा वाडगा, एखादं तोटीचं भांडं. मग खड्डा बुजवायचा, वर पुन्हा जमीन चोपायची. त्याच जमिनीवर चूल पेटायची, त्याच जमिनीवर पुढचं बाळ रांगायचं.

मोठ्या माणसांनाही घरातच पुरत, पण घटात नाही. उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवत आणि घोट्याखाली पावलं तोडत. गेलेला माणूस उठून चालत निघून जाऊ नये किंवा परत येऊन त्रास देऊ नये, असा त्यामागे समज असावा, असं ढवळीकरांनी मांडलं. उत्तरेला डोकं करून झोपू नये असं आपल्याला लहानपणापासून बजावतात. दोन्हीचा संबंध जोडायचा मोह होतो, पण मध्ये तीन हजार वर्षांची दरी आहे. तो आम्ही आवरतो.

लेकरांची पावलं मात्र तशीच ठेवलेली. ती चालत कुठे जाणार?

बाळंतपणात, पहिल्या-दुसऱ्या वर्षात लेकरं जाण्याचं दुःख आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. आठ झाली, तीन जगली, असं त्या सहज बोलल्यासारखं सांगत. इनामगावच्या घटांमध्ये तेच आहे, फक्त बोलायला कुणी नाही. बोलतात ती हाडं आणि दात. दात येताना किती वय होतं ते कळतं. दात घडत असताना उपासमार झाली, मोठा आजार झाला, तर दाताच्या वरच्या कवचावर आडव्या रेघा उमटतात आणि त्या पुसल्या जात नाहीत. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधक बाईंनी इथल्या मुलांच्या हाडांचा बारकाईने अभ्यास केला आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज अंगणवाडीत लेकराचं वजन-उंची घेऊन तक्त्यात भरतात, तसाच तक्ता तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेकरांचा त्यांनी हाडांवरून मांडला. गावाच्या शेवटच्या काळात लेकरं जास्त खुरटलेली होती, असं तो सांगतो.

सगळ्या दफनांत एक वेगळंच आहे. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा, कच्च्या मातीचा रांजण सापडला. आत मांडी घालून बसवलेला पुरुष, चाळिशीच्या आसपासचा. पावलं शाबूत. त्या रांजणाच्या खाली, जुन्या थरात, आणखी एक तसाच चार पायांचा रांजण होता. त्यात सांगाडाच नव्हता. बाहेर कुठेतरी मरण आलं, देह हाती लागला नाही, म्हणून नुसता विधी केला असेल, असं संशोधकांचं म्हणणं. रांजणाचं फुगलेलं पोट बघून काही जणांना तो गरोदर बाईच्या आकारासारखा वाटतो. आईच्या पोटातून आला, आईच्या पोटात गेला.

पुस्तकात या घराला गावप्रमुखाचं घर म्हटलं आहे. कोठार शेजारी आहे म्हणजे गावाचं धान्य तिथे जमा होत असेल, म्हणून तो प्रमुख. हे पटतं. पण आम्हाला वाचताना एक खटकतं. कोठार दिसलं की लगेच प्रमुख पुरुष दिसतो. पाटा झिजलेला दिसतो तेव्हा त्याच्यापुढे बसलेली बाई मात्र पुस्तकात ओळीभरसुद्धा येत नाही. दळण, मडकी थापणं, लिंपण, रानातून बोरं-आवळे आणणं यातलं कोणतं काम बाईचं आणि कोणतं बाप्याचं, ते माती लिहून ठेवत नाही, हे मान्य. मग कोठाराच्या किल्ल्या बाप्याच्या कमरेला होत्या, हे तरी मातीने कुठे लिहिलंय?

बाईची मूर्ती मात्र तिथे सापडली. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरून ठेवलेली होती. तिच्यात कच्च्या मातीची, डोकं नसलेली बाई. सोबत दुसरी, डोकं असलेली, आणि एक बैल. डोकं नसलेल्या मूर्तीच्या पोटाला भोक होतं आणि बैलाच्या पाठीवरही. काडी घालून बघितलं तर ती बैलावर बरोबर उभी राहिली. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ही देवी. भाजलेली नाही, म्हणजे वारंवार हाताळायला केलेली नाही. कसल्या तरी नवसाला, व्रताला केली आणि जपून पुरली. घरातच लेकरं पुरलेल्या गावात ती कशासाठी केली असेल, याचा अंदाज आपला आपण करू शकतो.

इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे गाव खालावत गेलं. मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, म्हणजे शेतीवर पोट भागेनासं झालं. ७०० च्या सुमारास गाव उठलं. ढवळीकरांचं म्हणणं, पाऊस कमी झाला, दुष्काळ पडत गेले, माणसं गुरं घेऊन भटकी झाली. रॉबिन्स शुग बाई म्हणतात, सगळं खापर पावसावर फोडू नका. माणसांनी जमीन कशी वापरली, किती पिळली, तेही बघा. वाद मिटलेला नाही. आपल्याकडे बोअर आटली की पारावर नेमका हाच वाद रंगतो, फरक इतकाच की आपण अजून गावात आहोत.

आता पांढरीकडे परत येऊ. इनामगावची ही सगळी गोष्ट कळली, कारण ते टेकाड ट्रॉलीत भरलं गेलं नव्हतं. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी, तापी यांच्या काठांवर अशी टेकाडं पुष्कळ आहेत. काही दीड-दोन हजार वर्षांची, काही इनामगावच्या बरोबरीची. त्यांचा बोर्ड लागलेला नसतो. एका उन्हाळ्यात जेसीबीने निम्मं टेकाड जातं आणि त्याबरोबर थर जातात. माती दुसऱ्या शेतात पसरली की त्यातलं खापर हे नुसतं खापर राहतं.

दुसरा घात करतो तो गुप्तधनाचा लोभ. जमिनीत रांजणाचं तोंड दिसलं की रातोरात खणायला माणसं येतात, सोबत मांत्रिकही. इनामगावच्या घटांत सोनं नव्हतं. वाडगा होता आणि लेकराची हाडं होती. असे किती घट सोन्याच्या आशेने फुटले असतील!

याच्या उलट घडलेलंही सांगतो. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना धातूच्या चार मोठ्या वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारींचं मिळून वजन ६० किलोच्या वर. त्या मोडीत गेल्या असत्या तर आपल्या मुलखात एवढं ओतकाम होत होतं, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आज त्या जगभर माहीत आहेत.

म्हणून घराचा पाया, शौचालयाचा खड्डा, शेततळं, काहीही खणताना राखेचे पट्टे, खापरांचा खच, आडवे ठेवलेले घट किंवा हाडं दिसली तर काम तिथेच थांबवा. ओढून काढू नका, धुऊ नका. मोबाइलवर फोटो घ्या, फोटोत मापाला काहीतरी ठेवा, पट्टी नसली तर विळा चालेल. वर माती पसरून झाकून ठेवा आणि सरपंच, तलाठी किंवा तहसील कार्यालयात कळवा. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्यांच्यापर्यंत निरोप जायला हवा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवलं म्हणून आपली जमीन लगेच सरकारजमा होते, ही भीती बाळगू नका.

एवढं काही सापडायची वाट बघायलाही नको. गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा, आपल्या शिवारात जुनी पांढरी कुठे कुठे आहे? बेचिराख झालेल्या गावांची नावं त्यांना अजून आठवतात. नांगराला खापरं कुठे लागतात, मणी कुठे सापडतात, पावसानंतर काय उघडं पडतं, ते लिहून घ्या. त्या जागांची यादी ग्रामसभेत वाचा आणि तिथली माती उचलू नये असा ठराव मांडा. ग्रामसभेत बाई बोलायला उठली की हसणारे असतात. त्यांना इनामगावचा पाट कुणी खोदला ते विचारा. गाव लागतं त्याला.

पुढच्या भागात जात्याची गोष्ट. ते आपल्याकडे कधी आलं आणि गुडघ्यावरचं दळण उठून खुंट्यावर कसं आलं, याबद्दल बोलू. तोवर तुमच्या गावच्या पांढरीबद्दल काय कळलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.